आमच्यामागे हिचे काय? : अमेरिकेतील संरक्षित कार्यशाळांचा इतिहास

पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’ (१९३१) या कादंबरीच्या अखेरच्या भागात एक प्रसंग आहे. वर्गात कादंबरी शिकवताना आम्ही तो वर्षानुवर्षे ओलांडून पुढे जात आलो. वांग लुंग म्हातारा झाला आहे. जमीन आहे, मुलगे आहेत, नातवंडे आहेत. घोर आहे तो थोरल्या मुलीचा. तिला बोलता येत नाही. वयाबरोबर तिची समज वाढलेली नाही. उन्हात बसून ती कापडाच्या एका तुकड्याशी चाळा करीत असते. आपण डोळे मिटल्यावर मुलगे आणि सुना तिच्याकडे पाहणार नाहीत, ती थंडीपावसात तशीच बाहेर बसून राहील, हे बापाला पक्के ठाऊक आहे. त्याने विषाची एक पुडी मिळवून ठेवली आहे. पेअर ब्लॉसम या आपल्या तरुण उपपत्नीला तो सांगतो की आपल्यामागे ही पुडी मुलीच्या भातात कालव. ती नकार देते आणि मुलीला सांभाळण्याचे वचन देते.

समीक्षेत या मुलीची बोळवण बहुधा ‘प्रतीक’ म्हणून होते. दुष्काळाचे प्रतीक, जमिनीच्या मुकेपणाचे प्रतीक वगैरे. आम्हीही तसेच शिकवत होतो. पर्ल बक यांची स्वतःची मुलगी कॅरल १९२० मध्ये चीनमध्ये जन्मली आणि तिची बौद्धिक वाढ खुंटली, हे कळल्यानंतर त्या पुडीकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. कॅरलला १९२९ मध्ये न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत ठेवण्यात आले आणि तिचे उर्वरित आयुष्य तेथेच गेले. तिच्या आजीवन संगोपनाचा खर्च ही बक यांच्या लेखनामागची एक निकड होती, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. म्हणजे जी कादंबरी आपण चिनी शेतकऱ्याची म्हणून वाचतो, तिच्यामागे ‘आमच्यामागे हिचे काय?’ हा अमेरिकेतल्या एका आईचा प्रश्न उभा होता. नोबेल पारितोषिक मिळून बारा वर्षे झाल्यावर, १९५० मध्ये, बक यांनी ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ या लहानशा पुस्तकात ही गोष्ट उघडपणे सांगितली. त्या काळी अशा मुलांचा उल्लेखही कुटुंबे टाळीत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पुस्तकाचे धाडस कळते.

याच प्रश्नाचे एक उत्तर म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत एक संस्था-प्रकार उदयास आला आणि पुढील तीन दशकांत देशभर पसरला. इंग्रजीत त्याला ‘शेल्टर्ड वर्कशॉप’ म्हणतात. आपल्याकडे ‘संरक्षित कार्यशाळा’ हा शब्द रूढ आहे. (कार्यशाळा म्हटले की आमच्या वाचकांना कवितेची किंवा नाटकाची कार्यशाळा आठवेल. ती येथे अभिप्रेत नाही. येथे खरोखरच हाताने काम चालते.) या कार्यशाळांचा विस्तार कसा झाला, आणि ज्यांनी त्या उभारल्या त्यांच्याच मुलांच्या नावाने त्या पुढे बंद करण्याची मागणी का झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कल्पना जुनी आहे. बोस्टनच्या पर्किन्स संस्थेत सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी १८४० च्या सुमारास प्रौढ अंधांसाठी वेगळी कार्यशाळा सुरू केली. शिकून बाहेर पडलेल्या अंध विद्यार्थ्यांना कारखानदार कामावर घेईनात, तेव्हा संस्थेनेच त्यांना काम द्यावे असा तो विचार होता. याच हाऊ यांनी १८४८ मध्ये बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांसाठी मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा काढली. पण शाळा आणि कार्यशाळा या दोन कल्पनांची सांगड तेव्हा पडली नाही. बौद्धिक दिव्यांगांसाठी जे उभे राहिले ते प्रचंड आश्रम: गावाबाहेर, शेकडो एकरांवर, आणि शतक संपता संपता शाळेचे रूप टाकून कोंडवाड्याचे रूप घेतलेले. तेथेही काम होतेच. शेती, धोबीखाना, स्वयंपाक ही कामे तेथे राहणारेच करीत. त्याचे दाम मात्र मिळत नसे.

कायद्याच्या इतिहासात महत्त्वाची तारीख आहे २५ जून १९३८. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सहीने दोन कायदे अस्तित्वात आले. एकाने अमेरिकेतील कामगाराला प्रथमच देशव्यापी किमान वेतन दिले, तासाला २५ सेंट. त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात अशी तरतूद होती की वय, शारीरिक वा मानसिक उणीव किंवा इजा यांमुळे ज्यांची कमावण्याची शक्ती कमी झाली आहे, त्यांना सरकारी परवाना घेऊन किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येईल. दुसरा कायदा वॅग्नर-ओडे या नावाने ओळखला जातो. अंधांच्या कार्यशाळांत बनलेले झाडू, पुसणी आणि तत्सम वस्तू केंद्र सरकारने विकत घ्याव्यात अशी सोय त्याने केली. दोन्ही कायद्यांमागे सद्भाव होता याबद्दल आम्हांला शंका नाही. रूझवेल्ट स्वतः पोलिओने कमरेखाली अधू झालेले होते. मंदीचे दिवस होते, धडधाकट माणसाला काम मिळत नव्हते. पूर्ण वेतनाची सक्ती केली तर अपंगाला कोण घेणार, हा युक्तिवाद त्या काळी निरुत्तर करणारा होता. सवलतीचे हे तत्त्व १९३४ मध्ये तात्पुरत्या आदेशाने आलेच होते. १९३८ मध्ये ते कायद्यात पक्के झाले. एका सहीने सरकार कार्यशाळेचे गिऱ्हाईक झाले, आणि दुसऱ्या सहीने कार्यशाळेतला कामगार किमान वेतनाच्या कुंपणाबाहेर राहिला.

ही कमी मजुरी ठरते कशी, हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्या हिशेबात दडलेला आहे. समजा, एखाद्या गावात पाकिटे भरण्याच्या कामाला तासाला १० डॉलर मजुरी चालू आहे आणि धडधाकट कामगार तासात १०० पाकिटे भरतो. म्हणजे पाकिटामागे १० सेंट पडले. कार्यशाळेतल्या माणसाने तासात २५ पाकिटे भरली तर त्याची मजुरी झाली अडीच डॉलर. हातात घड्याळ घेऊन कोणी तरी शेजारी उभे राहते आणि त्याचा वेग मोजते. हिशेब काटेकोर आहे, अंकगणिताची चूक त्यात नाही. पण धडधाकट कामगाराच्या वेगाचा असा हिशेब कोणी ठेवीत नाही. तो रेंगाळला तरी किमान वेतनाची जमीन त्याच्या पायाखाली असते. शिवाय त्या २५ पाकिटांत कामगाराचा वेग किती आणि त्याला दिलेल्या कामाच्या निवडीचा, टेबलाच्या उंचीचा, शिकवण्याच्या पद्धतीचा वाटा किती, हे घड्याळाला कळत नाही.

१९३८ मध्ये या हिशेबात बौद्धिक दिव्यांग फारसे नव्हते. त्यांना कार्यशाळेत आणले ते पालकांनी. १९४० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत एक नवीन घटना घडू लागली. न्यूयॉर्कमधील एका आईने १९४८ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपल्यासारख्या इतर पालकांचा शोध घेतला. गावोगावी असेच गट जमू लागले. १९५० मध्ये, म्हणजे पर्ल बक यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, मिनिआपोलिस येथे त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. डॉक्टरांचा तेव्हाचा सल्ला ठराविक असे : मूल संस्थेत ठेवा, विसरून जा, दुसरे होऊ द्या. या पालकांनी तो मानला नव्हता. मुले घरी ठेवली होती. सरकारी शाळा त्यांना प्रवेश देत नसत. तो हक्क मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. तेव्हा पालकांनी स्वतःच वर्ग काढले. आणि वर्गातली मुले अठरा-वीस वर्षांची झाली तेव्हा पुढचा प्रश्न आला. चर्चच्या तळघरात, रिकाम्या दुकानात, कोणाच्या तरी गॅरेजमध्ये टेबले मांडली गेली. जवळच्या कारखान्यातून स्क्रूंची पोती येत; ते मोजून पिशव्यांत भरायचे. इस्पितळांची संचपाकिटे, खेळण्यांचे सुटे भाग, शुभेच्छापत्रे, प्लॅस्टिकचे काटेचमचे. हा मुलगा सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी दमून घरी येतो, एवढे दृश्य पाहण्यासाठी त्या आईबापांनी वीस वर्षे वाट पाहिली होती. पुढच्या काळातील टीकाकारांनी कार्यशाळांवर लिहिताना हे दृश्य बहुधा विचारात घेतलेले नाही, असे आमचे मत आहे.

विस्ताराचा काळ आला तो यानंतर. १९५४ च्या व्यावसायिक पुनर्वसन कायद्याने अशा केंद्रांसाठी केंद्रीय पैशाची वाट मोकळी केली. पाठोपाठ केनेडी आले. त्यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती. तीमुळे ती पूर्ण परावलंबी झाली आणि पुढे विस्कॉन्सिनमधील एका धार्मिक संस्थेत राहिली. केनेडी घराण्याने ही गोष्ट झाकून ठेवली होती. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी बौद्धिक दिव्यांगांच्या प्रश्नावर तज्ज्ञमंडळ नेमले. १९६२ च्या सप्टेंबरात युनिस केनेडी श्रायव्हर यांनी बहिणीबद्दल एका लोकप्रिय साप्ताहिकात लिहिले. १९६३ मध्ये कायदे झाले. घरातले गुपित राष्ट्रीय धोरण झाले, असे याचे वर्णन करता येईल. १९७१ मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या दुरुस्तीने सरकारी खरेदीची सवलत अंधांखेरीज इतर तीव्र दिव्यांगांच्या कार्यशाळांनाही मिळाली, आणि वस्तूंबरोबर साफसफाईसारख्या सेवाही तीत आल्या.

राज्यांत काय चालले होते याचा नमुना म्हणून मिझुरीकडे पाहावे. १९६५ मध्ये त्या राज्याने कार्यशाळांसाठी स्वतंत्र कायदा करून त्यांना राज्याच्या शिक्षणखात्याशी जोडले. १९६९ मध्ये दुसरा कायदा झाला. त्यानुसार एखाद्या परगण्यातील मतदारांनी कौल दिला तर मालमत्तेवर थोडा जादा कर बसवून तो पैसा या मंडळींच्या सोयींसाठी वापरता येऊ लागला. आमच्या मते ही तरतूद असामान्य आहे. मतपत्रिकेवर प्रश्न असा की शेजाऱ्याच्या प्रौढ मुलासाठी तुम्ही तुमच्या घरावर कर घ्यायला तयार आहात का. आणि परगण्यामागून परगण्याने ‘होय’ म्हटले. त्या राज्यात आजही कार्यशाळा भक्कम उभ्या आहेत आणि त्या बंद करण्याच्या कोणत्याही चर्चेला तेथे कडवा विरोध होतो, यामागे हा ‘होय’ आहे. ज्या गोष्टीसाठी गावाने कर भरला ती गावाला आपली वाटते.

विस्तारामागे आणखी एक रेटा होता. १९६७ मध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या सरकारी आश्रमांत सुमारे १,९५,००० माणसे होती. ही संख्येची परमावधी. १९६५ मध्ये रॉबर्ट केनेडी यांनी न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथे अचानक भेट दिली. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर तेथील उघडीनागडी, घाणीत बसलेली माणसे देशाने पाहिली. आश्रम रिकामे होऊ लागले. बाहेर आलेल्या माणसांना राहायला लहान घरे मिळाली, पण दिवसा ती जाणार कुठे? कार्यशाळा तयारच होती. आश्रमातील कोठडीतून निघालेल्या माणसाला खिडक्या असलेली खोली, शेजारी बसलेला मित्र आणि आठवड्याच्या शेवटी हाती पडणारे पाकीट म्हणजे काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

पण कार्यशाळेने स्वतःची ओळख दिली होती ती पूल म्हणून. येथे माणसाने काम शिकावे आणि मग बाहेरच्या नोकरीत जावे. कागदोपत्री हेच ध्येय होते, अनुदानेही त्यासाठीच येत. प्रत्यक्षात बाहेर जाणारे फारच थोडे निघाले. याचे कारण कोणाच्या दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. कार्यशाळेला कारखान्याचे काम ठरलेल्या दिवशी पुरे करून द्यायचे असते. ते ज्यांच्या बळावर होते ते चारदोन हुशार, चपळ कामगार. आणि बाहेर नोकरी मिळण्याजोगेही तेच. व्यवस्थापक त्यांना कशाला सोडील? मागे राहणाऱ्यांबद्दल असे सांगितले जाई की त्यांची अजून तयारी झालेली नाही. तयारी चालू राही, दहा वर्षे, वीस वर्षे. बाहेरचे काम आटले की केलेले काम उलगडून पुन्हा करायला देत, असेही प्रकार घडले. १९६६ च्या दुरुस्तीने कार्यशाळेतील मजुरी किमान वेतनाच्या निम्म्याहून खाली जाऊ नये असे ठरवले, पण ‘कार्य-व्यवहार केंद्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अधिक तीव्र दिव्यांगांच्या केंद्रांना त्यातून वगळले. परिणामी अशा केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली. विस्ताराच्या आकडेवारीत दाखल झालेल्यांचा रकाना मोठा आणि बाहेर पडलेल्यांचा रकाना जवळजवळ रिकामा, असे चित्र १९७० च्या दशकात दिसू लागले.

त्याच सुमारास एका माणसाने घड्याळाच्या हिशेबालाच आव्हान दिले. इलिनॉय विद्यापीठातील मार्क गोल्ड यांनी सायकलचा ब्रेक घेतला. एक १५ सुट्या भागांचा, दुसरा २४ भागांचा. हा ब्रेक जोडायला धडधाकट माणसालाही दोनचारदा चुकावे लागते. कार्यशाळांतील, मध्यम ते तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या ६४ तरुणांना त्यांनी तो शिकवला. निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले : जवळजवळ सर्वांना तो जोडता आला. ज्यांना स्क्रू मोजून पिशवीत भरण्यापलीकडे काही जमणार नाही असे धरून चालले होते, तीच ही माणसे. गोल्ड यांची रीत पाहिली म्हणजे शिक्षकाने अंतर्मुख व्हावे. कामाचे बारीक टप्पे पाडायचे, बोलायचे कमी, ‘शाब्बास’ही जपून म्हणायचे, विद्यार्थी अडला तर तो नालायक आहे असे न मानता शिकवण्याची दुसरी वाट धरायची. त्यांच्या प्रशिक्षण-पद्धतीचे नावच ‘ट्राय अनदर वे’ असे होते. शिकणे जमले नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, असे त्यांचे साधे सूत्र. ते १९८२ मध्ये अकाली वारले. वर्गात ‘याला साहित्य कळणारच नाही’ असे म्हणून आम्ही ज्या विद्यार्थ्यांवर काट मारली, ते विद्यार्थी हे वाचताना आम्हांला आठवले. विषयांतर आहे, पण नोंदवून ठेवतो.

गोल्ड आणि त्यांच्यासारख्यांच्या प्रयोगांतून १९८० च्या दशकात ‘साहाय्यित रोजगार’ ही कल्पना पुढे आली. आधी वर्षानुवर्षे तयारी आणि मग नोकरी हा क्रम तिने उलटा केला. आधी खऱ्या दुकानात, खऱ्या कचेरीत, खऱ्या पगारावर नोकरी मिळवायची; मग सोबत एक मार्गदर्शक देऊन तेथेच शिकवायचे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकी काँग्रेसने पुनर्वसन कायद्यात या कल्पनेला स्थान दिले. त्याच महिन्यात वेतनाच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने १९६६ ची निम्म्या वेतनाची मर्यादा काढून टाकली. कार्यशाळेतल्या मजुरीला खाली तळ उरला नाही. १९३८ च्या त्या जूनसारखाच हा जोडप्रसंग. एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने जमीन काढून घेतली, आणि दोन्ही वेळा हितचिंतकांच्या संमतीने.

त्यानंतरची कथा वेगाने सांगता येईल. व्हर्माँट या छोट्या राज्याने २००२ मध्ये आपली शेवटची कार्यशाळा बंद केली. २००१ मध्ये काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने देशाची पाहणी केली तेव्हा सुमारे ४,२४,००० दिव्यांग कामगार खास कमी वेतनावर होते, बहुतेक सारे कार्यशाळांत; आणि तेथील निम्म्याहून अधिकांना तासाला अडीच डॉलरही मिळत नव्हते. किमान वेतन तेव्हा ५ डॉलर १५ सेंट होते. २००९ मध्ये आयोवातील अटालिसा या खेड्यात, एका जुन्या शाळेच्या इमारतीत, टर्कीच्या कारखान्यात राबणारी २१ बौद्धिक दिव्यांग माणसे सापडली. टेक्सासमधील एका कंपनीने त्यांना तेथे आणले होते. राहण्याजेवण्याचा खर्च कापून महिन्याला ६५ डॉलर त्यांच्या हाती देत. २०१३ मध्ये ज्यूरीने २४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. कायद्यातील मर्यादेमुळे ती १६ लाखांवर आली. ही कार्यशाळा नव्हती हे खरे. पण कमी मजुरीला आधार त्याच चौदाव्या कलमाचा घेतलेला होता. डॅन बॅरी यांच्या ‘द बॉइज इन द बंकहाऊस’ (२०१६) या पुस्तकात ही हकीकत आहे. साठीला आलेल्या माणसांना शीर्षकात ‘बॉइज’ म्हटले आहे; गावाने त्यांना तेच नाव दिले होते.

१९९९ च्या ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की दिव्यांगांना विनाकारण समाजापासून वेगळे ठेवणे हा भेदभाव आहे. तो निकाल निवासाविषयी होता. दिवसभराच्या कामालाही तो लागू करा, अशी मागणी घेऊन ऑरेगॉनमध्ये २०१२ साली खटला उभा राहिला आणि २०१५ मध्ये समेट झाला : सात वर्षांत १,११५ जणांना बाहेरच्या नोकऱ्या मिळवून द्यायच्या. ऱ्होड आयलंडमध्ये २०१४ मध्ये असाच करार झाला. त्याच वर्षीच्या केंद्रीय कायद्याने २४ वर्षांखालील तरुणांना थेट कमी वेतनाच्या कामात ढकलण्यास आडकाठी घातली. २०१९ पर्यंत खास वेतनावरील कामगारांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास उतरली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय श्रम खात्याने चौदावे कलम टप्प्याटप्प्याने निकालात काढण्याचा प्रस्ताव मांडला. जुलै २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर तो मागे घेण्यात आला.

बंद करण्याला विरोध केला तो मुख्यतः पालकांनी, आता सत्तरी-ऐंशीतल्या. त्यांचे म्हणणे सोपे होते. बाहेरची नोकरी आठवड्यातून काही तासांची. उरलेला वेळ माझा मुलगा कुठे असणार? कार्यशाळेत त्याचे तीस वर्षांचे मित्र आहेत, ते दुकानात मिळतील का? पगार वाढला आणि त्यामुळे सरकारी निर्वाहभत्ता किंवा वैद्यकीय मदत गेली तर? ही भीती खोटी नव्हती. कार्यशाळा बंद झालेल्या ठिकाणी काही जण पूर्ण पगारावर नोकरीला लागले आणि त्यांच्या चेहऱ्यामोहऱ्यासकट सारे बदलले, अशा हकीकती आहेत. आणि काही जण घरी, दूरचित्रवाणीसमोर बसून राहिले, अशाही आहेत. आमचे मत विचारले तर आम्ही कमी वेतनाच्या विरोधात आहोत. घड्याळाचा तो हिशेब आम्हांला मान्य होत नाही. परंतु ज्यांनी तो हिशेब मोडायला घेतला, त्यांनी पालकांच्या प्रश्नाला मजुरीचा प्रश्न समजून उत्तर दिले. पालक मजुरीबद्दल विचारतच नव्हते. १९५० मध्येही नव्हते आणि २०१५ मध्येही नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या २६ व्या कलमात अशीच सवलत होती : सरकार योग्य वाटतील त्या अटींवर दिव्यांग कामगारांना त्या कायद्यातून वगळू शके. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा निघाली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ स्थापन केली. नाशिकमध्ये १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी, स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने, ‘प्रबोधिनी’ सुरू केली. क्रम तोच. आधी शाळा, मग मुले मोठी होतात, मग त्यांच्यासाठी उद्योगाची खोली. आणि १९९९ मध्ये संसदेने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. आईवडील किंवा पालक मरण पावल्यास या व्यक्तींची काळजी व संरक्षण होईल असे उपाय योजणे, हे त्या न्यासाच्या उद्दिष्टांपैकी एक म्हणून तेथे लिहिलेले आहे. वांग लुंगचा प्रश्न भारताच्या कायद्यात शब्दशः उतरला आहे, असे म्हणायला हरकत नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याचे २७ वे कलम खुल्या श्रमबाजारात इतरांच्या बरोबरीने काम करण्याच्या हक्काविषयी आहे, आणि त्या कराराच्या समितीने २०२२ मध्ये, संरक्षित कार्यशाळेतील नोकरी म्हणजे त्या हक्काची पूर्ती मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. हे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

भाषेच्या अभ्यासकांना येथे एक काम आहे. अमेरिकेत चौदाव्या कलमाखाली जे देतात त्याला ‘वेतन’च म्हणतात, कमी असले तरी. त्यामुळे त्यावर खटला भरता आला. आपल्या कार्यशाळांत त्याला ‘मानधन’ म्हणतात, कुठे ‘विद्यावेतन’, कुठे दिवाळीला ‘बक्षीस’. मानधन हा शब्द आपण व्याख्यात्याला, परीक्षकाला, अंगणवाडीच्या सेविकेला वापरतो. जेथे मोबदला कामाच्या मानाने कमी आहे हे देणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याने तक्रार करू नये अशी अपेक्षा असते, तेथे तो हमखास येतो. मजुरी कमी पडली असे म्हणता येते. मान कमी पडला असे पैशाच्या संदर्भात कोणी म्हणत नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आम्ही अशाच एका कार्यशाळेच्या विक्रीकेंद्रावर पणत्या घेत होतो. बाई म्हणाल्या, ‘आमच्या मुलांनी रंगवल्या आहेत.’ मूल शेजारीच बसले होते. केस पिकलेले, चष्म्याला दोरी. त्याच्यापुढे लाकडी फळी होती आणि फळीत बारा खळगे. प्रत्येक खळग्यात एक पणती ठेवायची, फळी भरली की डझन झाले, खोक्यात ओतायचे; आकडे न येणाऱ्याचीही मोजणी चुकू नये म्हणून कोणी तरी विचारपूर्वक केलेली सोय होती ती. आम्ही पंधरा पणत्या मागितल्या. त्याने फळी भरली, खोक्यात ओतली, मग रिकाम्या फळीकडे आणि आमच्याकडे पाहिले. बाईंनी हात पुढे केला, तसा त्याने तो बाजूला सारला, फळीत पुन्हा पणत्या मांडायला सुरुवात केली आणि तिसऱ्या खळग्यापाशी थांबून आमच्याकडे वर पाहिले. आम्ही मान हलवली. पैसे बाईंनी घेतले.